तीन इंचांची पत

२०२४ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग उपसताना कपड्यांच्या घडीतून माझ्या वडिलांचा जुना चाकू निघाला. चाकू म्हणजे काय, तर बोटभर लांबीची शिंगाची मूठ, तिच्यात मिटणारी दोन पाती, आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी, झिजून झिजून आता फक्त बोटाला कळेल असा, एक तारा आणि एक क्रूस. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची ही खूण. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही म्हणून तो मी मोठ्या बॅगेत टाकला होता. मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, ‘‘बाबा, हा खिशात घालून बाहेर फिरू नका हं. इथे सध्या वातावरण फार वाईट आहे.’’

जावई कायद्याने चालणारे. त्यांनी नातवाच्या दप्तरातली फूटपट्टी आणली, पाते उघडले, मोजले आणि निकाल दिला, ‘‘सव्वादोन इंच. तीनपर्यंत चालते, बाबा. आणि हा उघडल्यावर खटक्याने पक्का बसत नाही ना? मग काही अडचण नाही.’’

साठ वर्षे आमच्या घरात असलेल्या त्या चाकूचे माप त्या दिवशी पहिल्यांदा घेतले गेले. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. कित्ता गिरवायच्या तासाला ते चाळीस मुलांचे बोरू याच चाकूने तासून देत. इंग्रजीत अशा चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात तेही पिसाची लेखणी तासायचा म्हणूनच. आणि आपल्या जुन्या कोशांत त्याला ‘कलमतराश’ असा सुरेख फारसी शब्द आहे. पुढे मी बँकेत लागलो तेव्हा तो माझ्याकडे आला. त्या काळी नोटांच्या पुडक्यांना जाड तारेच्या पिना ठोकलेल्या असत. त्या उचकटायला, सुतळी कापायला, लाखेचे सील फोडायला चाकू लागे. २००१ साली रिझर्व्ह बँकेने पिना मारणे बंद करायला सांगितले, पुडक्यांना कागदी पट्ट्या आल्या आणि माझा चाकू खणात निवृत्त झाला. माझ्या आधी वीस वर्षे.

एवढ्या काळात या चाकूविषयी कोणी संशय घेतला नाही, आणि कोणी विश्वासही व्यक्त केला नाही. तो प्रश्नच नव्हता. आज फूटपट्टी लावून विश्वास मोजावा लागतो आहे. हयात बँकेत गेल्यामुळे असेल, पण मला त्या क्षणी एकच शब्द आठवला : पत. समाजाने साध्या माणसाला दिलेली एक जुनी पत कुठेतरी आटत चालली आहे, आणि तिचा हिशेब तीन इंचांवर येऊन थांबला आहे. या लेखाचा विषय तो हिशेब आहे.

बोटांचे तारण

इंग्लंड आणि वेल्समधला कायदा असा. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या १३९ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी पाते असलेली किंवा टोकदार वस्तू जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. शिक्षा चार वर्षांपर्यंत. तुमच्याकडे सबळ कारण असेल, म्हणजे सुतारकाम, स्वयंपाक, धर्म, राष्ट्रीय पोशाख, तर ते तुम्ही सिद्ध करायचे. शिखांचे कृपाण किंवा स्कॉटिश माणसाने मोज्यात खोचलेली छोटी सुरी यांना त्यात जागा आहे. विनाकारण बाळगायची मुभा फक्त एका वस्तूला आहे : खिशातला मिटणारा चाकू, धार तीन इंचांहून लांब नसलेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने त्यात आणखी एक स्पष्टीकरण केले. उघडल्यावर खटक्याने अडकून पक्के बसणारे पाते असेल तर तो चाकू या सवलतीत येत नाही, मग तो कितीही छोटा असो. अर्थात कोणाला इजा करायच्या हेतूने बाळगला, तर तीन इंचांच्या आतला चाकूही हत्यारच ठरतो.

खटक्याचा हा मुद्दा वरवर तांत्रिक वाटतो. पण सगळी मेख तिथेच आहे. जुन्या पद्धतीच्या चाकूला खटका नसतो. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी कमानीसारखी ताणून बसवलेली असते. ती पात्याच्या बुडावर दाब देते. पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढले की कमान किंचित उचलते, आणि पाते सरळ झाले की ‘टक्’ असा आवाज करून जागी बसते. शौकिनांचा जीव या आवाजात अडकलेला असतो. त्याला ते चाकूची चाल आणि बोल म्हणतात. पण पाते तिथे फक्त दाबाने थांबलेले असते. टोक कशात खुपसायला गेलात आणि जोर उलटा आला, तर ते मिटते. आणि मिटते ते धरणाऱ्याच्याच बोटांवर.

म्हणजे कायद्याने कोणत्या चाकूवर विश्वास ठेवला? जो वापरणाऱ्यालाच आधी शिस्त लावतो त्याच्यावर. कर्जाचा अर्ज समोर आला की आम्ही पहिला प्रश्न विचारीत असू, तारण काय? या चाकूला तारण आहे : धरणाऱ्याची स्वतःची बोटे. मला हे कलम वाचून त्या मसुदा करणाऱ्या अनामिक बाबूंविषयी आदर वाटला. त्यांच्या डोक्यात हा विचार होता की नाही, देव जाणे.

शेफील्डचे छोटे उस्ताद

मुलीच्या घरापासून शेफील्ड आगगाडीने दोन तासांवर. वडिलांच्या चाकूचे माहेर म्हणून एक दिवस गेलो. या गावाचे चाकूशी नाते किती जुने, तर चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ रचल्या, त्यातल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डची सुरी आहे. १६२४ साली संसदेच्या कायद्याने इथल्या सुरीकारांचा संघ स्थापन झाला. २०२४ मध्ये त्याला चारशे वर्षे झाली. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांवर सहाणेची चाके फिरत, आसपास वालुकाश्म मिळे, आणि अठराव्या शतकात याच भागात मुशीतले पोलाद तयार करण्याची युक्ती सापडली. एकोणिसाव्या शतकात इथून जगभर चाकू जात. आपल्याकडे तालुक्याच्या गावच्या मास्तराच्या खिशात रॉजर्सचा चाकू आला तो याच वाटेने.

मोठ्या कारखान्यांच्या सावलीत इथे एक वेगळी जमात होती : ‘लिट्ल मेस्टर्स’, छोटे उस्ताद. एक खोली भाड्याने घ्यायची, एखादा शिकाऊ मुलगा ठेवायचा आणि कारखान्यांची कामे अंगावर घ्यायची. कोणी पाते घडवी, कोणी धार लावी, कोणी मूठ जोडी. चाकांजवळ वाकून बसणाऱ्यांच्या फुफ्फुसांत दगडाची भुकटी जाऊन ती माणसे तिशी-चाळिशीत खोकून मरत, हेही सांगितले पाहिजे. जुन्या चाकूच्या सौंदर्यावर भाळणाऱ्यांनी त्या खोकल्याचा आवाज विसरू नये.

या परंपरेतला अखेरचा मोठा माणूस म्हणजे स्टॅन शॉ. चौदाव्या वर्षी तो कामाला लागला, खिशातले चाकू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याच्या हाताने करायला शिकला आणि सत्तरहून अधिक वर्षे तेच करीत राहिला. २०१७ साली त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात त्याने काम केले, आणि २०२१ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. आज शेफील्डमध्ये खिशातले चाकू करणाऱ्या कार्यशाळा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या आहेत.

एक गंमत ध्यानात घ्या. चाकूच्या जागतिक बाजारात गेल्या तीस-चाळीस वर्षांत खटक्याच्या, एका हाताने उघडणाऱ्या, काळ्या रंगाच्या लष्करी थाटाच्या चाकूंची चलती आहे. त्यांच्यापुढे कमानीचा जुना चाकू टिकणे कठीण होते. इंग्लंडमध्ये तो टिकायला कायद्याची मदत झाली. बिनदिक्कत खिशात घालता येईल असा चाकू फक्त आजोबांच्या पद्धतीचा, अशी स्थिती संशयातून निघालेल्या कलमाने निर्माण केली. संरक्षणासाठी केलेला नसताना एखादा कायदा एखाद्या कारागिरीचा पोशिंदा कसा होतो, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

रोज सकाळी एक

शेफील्डच्या एका दुकानात मला एक गृहस्थ भेटले. सत्तरीचे, बस चालवून निवृत्त झालेले. माझा चाकू त्यांनी हातात घेतला, कानाशी नेऊन उघडला, मिटला, आणि एखाद्या जुन्या मित्राची खुशाली कळल्यासारखे हसले. त्यांच्या स्वतःच्या खिशात ‘लॅम्सफूट’ होता, सरळ धारेचा आणि टोकाला पाठ उतरती असलेला. मेंढ्यांच्या खुरांची निगा राखायला हा आकार सोयीचा, असे म्हणतात. गृहस्थांच्या सात पिढ्यांत कोणी मेंढी पाळली नव्हती. ‘‘माझ्याकडे असे साठ-सत्तर आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘रोज सकाळी दाढी झाली की एक निवडतो.’’

अशी माणसे आज इंग्लंडात आहेत, युरोपात आहेत आणि सर्वांत जास्त अमेरिकेत आहेत. तिथे पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची केस कंपनी १८८९ पासून चालू आहे. श्रेड कंपनी २००४ मध्ये आणि कॅमिलस २००७ मध्ये बंद पडली. दोन्ही जुनी, नावाजलेली नावे. त्याच सुमारास, २००६ साली, टायटसव्हिल या जुन्या तेलाच्या गावात ग्रेट ईस्टर्न कटलरी नावाचा कारखाना मुद्दाम जुन्या पद्धतीचे चाकू करायला निघाला, आणि त्याच्या चाकूंवर उड्या पडल्या. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला पाठांतर केल्याचे बक्षीस म्हणून साडेबारा सेंटचा ‘बार्लो’ चाकू मिळतो. तोच बार्लो आज शंभर डॉलरच्या वर जातो, आणि मर्यादित संख्येत निघालेला असेल तर पुढच्या आठवड्यात त्याहून महाग विकला जातो.

या शौकाची स्वतःची रीत आहे. कोणी महिनाभर एकच चाकू वापरण्याचे व्रत घेतो. कोणी मुद्दाम गंजणाऱ्या कार्बन पोलादाचे पाते घेतो, म्हणजे सफरचंद, कांदा, लिंबू कापून कापून त्यावर करडी-निळी झाक चढते आणि चाकू फक्त त्याचाच होतो. निसण्यावर धार लावताना पात्याचा कोन हाताला कळणे ही त्यांच्या दृष्टीने एक प्रकारची साक्षरता आहे. चाकूचा उपयोग विचाराल तर उत्तर साधे असते : पाकिटे फोडणे, दोरा कापणे, फळ खाणे, पेन्सिल तासणे.

माझ्या वडिलांना चाकू निवडावा लागत नसे. त्यांच्याकडे एकच होता. साठांतून एक निवडणे ही गरज संपल्यावरची चैन आहे, आणि तिच्यात संग्राहकाचा लोभ, वेळीच विकून नफा कमावण्याची हुशारी, ‘पूर्वीचे ते चांगले’ हा हळवेपणा, असे सगळे मिसळलेले आहे. कारागिरी वाचवण्याच्या नावाखाली साठ चाकू मखमलीच्या डब्यात झोपवणारेही पुष्कळ आहेत. तरीही हा शौक निव्वळ खूळ म्हणून निकालात काढता येत नाही. ज्या काळात घरातली बहुतेक यंत्रे उघडून पाहायची सोय उरलेली नाही, बिघडले की टाकायचे एवढेच माणसाच्या हाती आहे, त्या काळात जिची सगळी रचना डोळ्यांना दिसते, जिला धार आपण लावायची आणि जिने कापले तर चूक आपलीच, अशी एक वस्तू जवळ बाळगावी असे या माणसांना वाटते. जबाबदारीची आठवण म्हणून एक वस्तू. निदान त्या बसवाल्या गृहस्थांच्या बाबतीत मला तसे वाटले.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र जिव्हारी लागली. पूर्वी ते बागेतल्या बाकावर बसून सफरचंद कापून खात. आता खात नाहीत. सफरचंद घरूनच चिरून डब्यात नेतात. ‘‘पोलिसांची भीती नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण शेजारच्या बाकावरची आई मुलाला घेऊन उठून जाते, ते बघवत नाही.’’

कायद्याने दिलेली मुभा शाबूत होती. लोकांच्या नजरेने ती काढून घेतली होती.

त्या आईची बाजू

ती आई का उठते, हे मात्र समजून घेतले पाहिजे. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट गावात लहान मुलींच्या नृत्यवर्गात एक सतरा वर्षांचा मुलगा सुरी घेऊन शिरला. तीन मुली मारल्या गेल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये पात्याच्या हत्यारांचे गुन्हे वर्षाला पन्नास हजारांच्या घरात गेले, आणि त्यांत मरणाऱ्यांत कोवळी मुले पुष्कळ. ‘चाकू कोणाला मारत नाही, माणूस मारतो’ हे शौकिनांचे आवडते वाक्य मी अनेकांकडून ऐकले. अमेरिकेतले बंदूकवाले हेच म्हणतात. ज्या घरातले मूल गेले त्या घराच्या दारात उभे राहून हे वाक्य म्हणता येईल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

सरकारने काही केले नाही असे नाही. २४ सप्टेंबर २०२४ पासून ‘झोंबी’ धाटणीचे चाकू आणि कोयते, केवळ भीती दाखवायला घडवलेली ती अक्राळविक्राळ पाती, बाळगणे गुन्हा झाले. १ ऑगस्ट २०२५ पासून ‘निन्जा’ तलवारी गेल्या. या बंदीविषयी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. ज्या वस्तूचा जन्मच धाकासाठी झाला, तिची पत कसली?

पण ज्या हत्याराने सर्वांत जास्त खून होतात ते यांत कुठेच नाही. हत्यार कोणते ते कळलेल्या खुनांमध्ये क्रमांक पहिला लागतो स्वयंपाकघरातल्या सुरीचा. साउथपोर्टची सुरीही तीच होती. २००५ साली काही डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले होते की लांब, टोकदार सुऱ्यांची स्वयंपाकाला गरजच नाही, टोक बोथट करा. लोक हसले. २०२५ च्या जानेवारीत अभिनेता इद्रिस एल्बा यांनी एका माहितीपटाच्या निमित्ताने तीच सूचना केली तेव्हा हसणे थोडे कमी झाले होते. ग्लासगो शहराने दुसरी वाट धरली. २००५ पासून तिथल्या पोलिसांनी हिंसा ही साथीच्या रोगासारखी हाताळायला घेतली. शाळा, दवाखाने, नोकऱ्या देणारे, सगळ्यांना त्यात ओढले. पुढच्या वर्षांत तिथले खून लक्षणीय घटले. तिथे मोजमाप झाले ते माणसांच्या आयुष्याचे, पात्याच्या इंचांचे नव्हे.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पत सर्वांना सारखी मिळत नाही, हे बँकेतल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्लंडमध्ये रस्त्यात अडवून झडती घेण्याच्या आकडेवारीत काळ्या लोकांचे प्रमाण गोऱ्यांच्या कित्येक पट आहे, आणि हे सरकारी आकडे आहेत. पांढऱ्या केसांच्या बसवाल्याच्या खिशातला लॅम्सफूट हा ‘वारसा’ असतो. तोच चाकू लंडनच्या एखाद्या वस्तीतल्या सतरा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खिशात सापडला, तर तीन इंचांचे कलम समजावून सांगायला त्याला बहुधा पोलीस चौकीत जावे लागेल. शौकिनांच्या गप्पांत हा मुद्दा क्वचित येतो. खरे तर त्यांच्या हक्काची परीक्षा तिथेच होते.

पात्यांच्या गावात

पतीची ही घसरण एकट्या इंग्लंडची नाही. जर्मनीतल्या सोलिंगेन शहराला अधिकृत बिरुद आहे ‘पात्यांचे शहर’. २३ ऑगस्ट २०२४ रोजी या शहराच्या साडेसहाशेव्या वर्धापनाच्या उत्सवात एका हल्लेखोराने सुरीने तिघांना ठार केले. दोन महिन्यांत जर्मनीने कायदा आवळला. जत्रा, उत्सव, लांब पल्ल्याच्या गाड्या यांत चाकूला बंदी आली. ज्या गावाने शतकानुशतके जगाला चाकू पुरवले, त्याच गावाचे नाव चाकूबंदीच्या निमित्ताने जगभर झाले.

स्वित्झर्लंडच्या इबाख गावातल्या व्हिक्टोरिनॉक्सने १८९१ पासून सैनिकांना चाकू पुरवले आणि १८९७ साली आपल्या लाल चाकूच्या मूळ आराखड्याची नोंद केली. सप्टेंबर २००१ नंतर विमानतळावरच्या दुकानांतून चाकू हद्दपार झाले आणि कंपनीची चाकूंची विक्री जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरली. २०२४ साली त्यांनी जाहीर केले की पाते नसलेला खिशातला ‘चाकू’ करण्याच्या विचारात ते आहेत. व्यापारी म्हणून त्यांना दोष देता येत नाही. गिऱ्हाइकाची पत बाजारात संपली तर माल बदलावा लागतो.

पण सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. तिथे मिकी गावात घडणारा ‘हिगोनोकामी’ नावाचा मिटणारा चाकू असे. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, आत एक पाते, ना खटका ना कमान. अंगठा पात्याच्या शेपटीवर दाबून धरायचे. दुसऱ्या महायुद्धानंतरही शाळकरी मुलांच्या दप्तरात पेन्सिल तासायला तो असे. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांचा भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर, एका सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. हत्यार होते जुनी आखूड तलवार. पण त्यानंतर ‘मुलांच्या हाती पाते देऊ नका’ अशी मोहीम देशभर झाली, आणि फटका बसला तो पेन्सिलच्या चाकूला. मुलांच्या हातांत टोकयंत्रे आली, कारागिरांची भट्टी थंडावली. हे नाव लावण्याचा हक्क असलेले आज एकच घराणे उरले आहे.

गुन्हा तलवारीने केला आणि दंड दप्तरातल्या चाकूने भरला. बुडीत कर्ज एका बड्या खातेदाराचे असावे आणि त्यापायी शंभर लहान खातेदारांची उचल बंद व्हावी, तसलाच हा प्रकार. तो मी बँकेत डोळ्यांनी पाहिला आहे.

त्याच जपानमध्ये नागानो प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेने मात्र १९८० च्या दशकापासून वेगळा पायंडा पाडला. पहिलीत आलेल्या मुलांच्या हाती ती शाळा हिगोनोकामी देते आणि पेन्सिल त्यानेच तासायला शिकवते. मुले बोट कापून घेतातच. पुढच्या वेळी जपून तासतात. हे वाचले तेव्हा मला आमच्या शाळेतले चाळीस बोरू आठवले. फरक एवढाच की आमचे मास्तर चाकू स्वतःच्या हाती ठेवीत.

एक कोयता

आपल्याकडे खिशातल्या चाकूला प्रतिष्ठा कधी लाभलीच नाही. पानाच्या डब्यातला अडकित्ता घरंदाज, स्वयंपाकघरातली विळी सोज्वळ, आणि चाकू मात्र गुंडाचा. याला आपला सिनेमाही कारण आहे. ‘वक्त’ (१९६५) मधल्या राजकुमारपासून रामपुरी चाकूची जी ख्याती झाली, तिच्याखाली रामपूरच्या कारागिरांचे घरटी कसब झाकले गेले. २०२३ साली त्याच रामपुरात सुमारे वीस फुटी चाकूचे शिल्प उभारून चौकाला चाकूचे नाव दिले. धंदा मरणपंथाला लागल्यावर पुतळे उभारायची आपली जुनी चाल आहे.

कायद्यापुरते म्हणाल तर आपले शस्त्र नियम इंग्रजांपेक्षा उदार आहेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्राच्या यादीत येते. पण घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामाचे पाते त्यातून वगळलेले आहे. म्हणजे आपला कायदा लांबीबरोबर ‘कशासाठी’ हेही विचारतो. प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र अवघड होत चालले आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत मी तीन वर्षे काढली. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने : इतके कोयते, इतकी उचल. दोन माणसांच्या हंगामभराच्या घामाला त्या पात्याचे नाव होते, आणि त्या नावावर रोख पैसे मिळत. ती व्यवस्था पिळवणुकीची होती यात शंका नाही. पण कोयता या शब्दाचा अर्थ तिथे कष्ट असा होता. गेली काही वर्षे पुण्याच्या वर्तमानपत्रांत तोच शब्द ‘गँग’ला जोडून रोज छापून येतो. गल्लीतल्या गाड्यांच्या काचा फोडणारी, दुकानदाराला धमकावणारी पोरे आणि ऊस तोडणारे जोडपे, दोघांचे नाव एक झाले. शहरातल्या मुलाने कोयता म्हटल्यावर काय डोळ्यांसमोर आणावे? ज्याने ऊस कधी तुटताना पाहिला नाही, त्याच्यापुरता कष्टाचा अर्थ पुसलाच गेला.

मला वाटते, या सगळ्या देशांतली खरी अडचण ही आहे. पात्याचा रोजचा, साधा, कामाचा वापर लोकांच्या डोळ्यांसमोरून जसजसा नाहीसा होतो, तसतसे त्याचे एकच रूप उरते, बातमीतले. बाकावरच्या आईने सफरचंद कापणारा म्हातारा रोज पाहिला असता तर ती उठली नसती. ती उठते म्हणून म्हातारा कापत नाही; तो कापत नाही म्हणून पुढची आई त्याहून लवकर उठेल. व्यवहार थांबला की खाते निष्क्रिय होते, आणि निष्क्रिय खाते पुन्हा चालू करायला किती कागद लागतात हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. रोज सकाळी एक चाकू निवडून खिशात घालणारी ही शौकीन मंडळी, त्यांच्या सगळ्या चैनीसकट, ते खाते चालू ठेवण्यापुरता एक बारीकसा व्यवहार करीत असतात. त्यांनी चाकू डब्यात न ठेवता वापरावा, चारचौघांत वापरावा, आणि समोरच्याला भीती वाटली तर वाद न घालता मिटून ठेवावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. धाकासाठी घडवलेली पाती सरकारने खुशाल जप्त करावीत. पण पेन्सिल तासण्याइतकी पत माणसाजवळ राहू द्यावी.

निघायच्या आदल्या दिवशी आठ वर्षांच्या नातवाने चाकू मागितला. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी चाकू उघडून त्याच्या हाती दिला, त्याची बोटे कमानीच्या बाजूला कशी धरायची ते दाखवले आणि एक पेन्सिल पुढे केली. पेन्सिल वाकडीतिकडी तासली गेली. बोट कापले नाही, पण कापले असते. आई शेजारी श्वास रोखून उभी होती. नंतर मी तो चाकू तिथेच ठेवला. मुलीने जरा विचार केला आणि ‘नीट ठेवते’ म्हणून स्वयंपाकघरातल्या खणात टाकला, आठ-आठ इंची टोकदार सुऱ्यांच्या शेजारी.